जुनी मोटार आणि नभोवाणी

जुन्या मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद वर्षानुवर्षें चालत आलेला आहे. गाडीचें इंजिन उघडून स्वच्छ केलें, पत्र्याचा गंज घासून काढला, मूळ छटेचा रंग मिळविला, आसनांचें कातडें बदललें; आतां डॅशबोर्डावर रेडिओ बसवावयाचा कीं नाहीं? एक पक्ष म्हणतो, गाडी ज्या काळाची, त्या काळाचें मौनही तिनें पाळलें पाहिजे. दुसरा म्हणतो, गाडी चालविण्यासाठीं असते, संग्रहालयांत कांचेआड ठेवण्यासाठीं नव्हे. लांबच्या प्रवासांत चार गाणीं कानीं पडलीं तर तिच्या वयास बाध येत नाहीं. वरवर पाहतां हा वाद क्षुल्लक वाटेल. परंतु परंपरा म्हणजे काय, आणि ती कोणत्या वर्षापासून मोजावयाची, हा जुनाच प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे.

हा वाद सर्वांत तीव्र झाला तो अमेरिकेंत, ‘हॉट रॉड’ नांवाच्या गाड्यांच्या बाबतींत. कॅलिफोर्नियांत म्युरॉकसारख्या आटलेल्या सरोवरांचीं सपाट, कठीण मैदानें आहेत. १९३० नंतरच्या दशकांत तरुण कारागीर फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तांत विकत घेत आणि या मैदानांवर त्यांच्या वेगाची परीक्षा पाहत. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत घातलें, आणि या हौशीला जणुं भरतें आलें. इंजिनाची शक्ति वाढविणें खर्चाचें. गाडीचें वजन घटविणें फुकटाचें. म्हणून चाकांवरील पंखे उतरले, इंजिनावरील झांकण गेलें, पुढचीं कांच गेली, मागचें आसन गेलें. जें वेगास उपयोगी नाहीं तें गाडींत नको, हा या मंडळींचा एकमेव धर्म होता. १९३७ सालीं त्यांच्या क्लबांनीं ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली, आणि जानेवारी १९४८ मध्यें ‘हॉट रॉड’ याच नांवाचें मासिकही निघालें. अशा गाडींत रेडिओला जागा कोठून असणार? जी गाडी एकेक वस्तु टाकून देऊन घडली, तिच्यांत गाण्यासाठीं जड पेटी बसविणें म्हणजे संन्याशाच्या झोळींत दागिने ठेवण्यासारखें आहे, असें परंपरावादी म्हणतात. आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे.

मात्र इतिहासाचीं पानें चाळलीं तर प्रकरण इतकें सरळ राहत नाहीं. मोटारींतील रेडिओ हा कांहीं अलीकडचा उपटसुंभ नव्हे. १९२२ सालींच शेव्हरोले गाडींत रेडिओ बसवून मिळत असे. किंमत मात्र २०० डॉलर. जून १९३० मध्यें पॉल गॅल्विन या शिकागोच्या उद्योजकानें आपल्या गाडींत एक यंत्र बसवून ती अटलांटिक सिटी येथें रेडिओ उत्पादकांच्या परिषदेबाहेर उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांस थांबविलें. त्या यंत्रास त्यानें ‘मोटोरोला’ असें नांव दिलें. पुढें त्याच्या कंपनीनेंही तेंच नांव घेतलें. १९३२ सालीं जर्मनींत ब्लाउपुंक्ट कंपनीनें मोटारीसाठीं रेडिओ काढला. त्याचें वजन सुमारें १५ किलो, आणि किंमत ४६५ मार्क, म्हणजे लहान गाडीच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ज्या वर्षीं फोर्डचें तें प्रसिद्ध इंजिन आलें, त्याच वर्षीं हा रेडिओही आला. गाडी आणि रेडिओ हीं अशा रीतीनें एकाच पिढीचीं भावंडें ठरतात.

हीं भावंडें एका घरांत नांदविणें मात्र सोपें नव्हतें. इंजिनांत प्रत्येक ठिणगीबरोबर विद्युल्लहरी उठत, आणि रेडिओ त्या इमानेंइतबारें पकडून गाण्याऐवजीं कडकडाट ऐकवी. त्यावर उपाय म्हणून ठिणगीच्या तारांवर रोधक बसवावे लागत. दुसरी अडचण विजेची. त्या काळच्या यंत्रांतील व्हॉल्व्हांना शेंकड्यांनीं व्होल्ट लागत, आणि मोटारीची बॅटरी बहुधा ६ व्होल्टांची. प्रथम जादा बॅटऱ्या गाडीच्या तळाशीं पेटींत ठेवीत. पुढें कंप पावणारा एक विद्युत्-दर्शक नव्हे तर विद्युत्-खंडक योजून तीच ६ व्होल्टांची वीज वाढवून घेऊं लागले. तिसरा आक्षेप नीतीचा होता. गाणें ऐकतां ऐकतां चालकाचें लक्ष उडेल आणि अपघात होतील, या भयानें १९३० च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स आणि सेंट लुई येथें मोटारींतील रेडिओवर बंदी घालण्याच्या सूचना पुढें आल्या होत्या. आज ज्याला परंपरेचा भाग म्हणून मानतात, त्यालाही एके काळीं उपद्रव म्हणून दारांत अडविलें होतें.

आतां हाच प्रश्न नागपूरच्या भूमीवर आणून पाहण्यासारखा आहे. हिंदुस्थानांत परदेशी गाड्या जोडण्याचे मोठे कारखाने मुंबईस निघाले. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ सालीं सुरू झाला. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालीं स्थापन झाली. नभोवाणीचा आरंभही मुंबईसच, २३ जुलै १९२७ रोजीं, एका खासगी कंपनीच्या हातून झाला. ती कंपनी १९३० सालीं बुडाली, सरकारनें कारभार हातीं घेतला आणि जून १९३६ मध्यें त्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. १९३३ च्या कायद्यान्वयें रेडिओ नुसता बाळगावयाचा तरी परवाना लागे. १९४७ सालीं स्वतंत्र भारताच्या वांट्यास सहा केंद्रें आलीं: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. नागपूर त्यांत नव्हतें. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या या राजधानींत नभोवाणी केंद्र निघालें तें १६ जुलै १९४८ रोजीं.

या तारखांचा अर्थ जुन्या मोटारीच्या दृष्टीनें मोठा आहे. १९३५ सालची एखादी गाडी त्या काळीं सिव्हिल लाइन्समधून सीताबर्डीकडे जात असेल, तर तिच्यांत रेडिओ असून तरी काय उपयोग होता? मुंबई आठशेंहून अधिक किलोमीटर दूर. तेथील मध्यमलहरी दिवसां नागपुरापर्यंत पोंचत नसत. रात्रीं कांहीं अंधुक ऐकूं येई, तें घरीं उंच तार बांधून आणि कान देऊन बसणाऱ्यास. धांवत्या गाडींत तें साधणें कठीण. तेव्हां १९४८ पूर्वीच्या नागपुरी गाडीचा डॅशबोर्ड रिकामा असणें हें तिच्या काळाशीं सुसंगतच आहे. डेट्रॉइट किंवा बर्लिन येथील गाडीस जो नियम लागू, तो नागपूरच्या गाडीस जसाच्या तसा लागू करतां येत नाहीं. गाडीचा जन्म कोठें झाला याइतकेंच ती कोणत्या रस्त्यांवर वावरली, यालाही महत्त्व आहे.

१९४८ नंतरच्या गाड्यांची कथा निराळी. अमेरिकेंत १९५५ सालीं क्रायस्लरच्या गाडींत संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला, आणि जड पेटी, उष्णता व विजेची उधळपट्टी यांचा शेवट दिसूं लागला. आपल्याकडे ऑक्टोबर १९५७ मध्यें विविध भारती सुरू झाली. पुढें फियाट आणि अॅम्बॅसडर या दोन गाड्यांनीं मध्यमवर्गाच्या अंगणांत जागा मिळविली. अनेक घरांत रेडिओ ही गाडीनंतरची स्वतंत्र खरेदी असे. कोणी तो बाजारांतून बसवून घेई, कोणी घरचाच ट्रान्झिस्टर आसनावर ठेवून प्रवासास निघे. त्या गाडीबरोबर कुटुंबाच्या ज्या आठवणी निगडित आहेत, त्यांत सकाळच्या बातम्या आणि दुपारचीं गाणीं येणारच. तो आवाज वगळून त्या फियाटचा इतिहास पुरा होत नाहीं.

खरी हानि झाली ती त्याच्या पुढच्या काळांत. फिलिप्सनें १९६३ सालीं काढलेली कॅसेट आपल्या मोटारींत शिरली तेव्हां जुन्या डॅशबोर्डांत तिच्यासाठीं जागा नव्हती. मग पोलाद कापलें गेलें. दारांच्या अस्तरांत आणि मागील फळींत ध्वनिवर्धकांसाठीं वाटोळीं भोकें पडलीं. मूळ रेडिओ भंगारांत गेला. रंग पुनः देतां येतो, कातडें पुनः शिवतां येतें. परंतु कापलेला मूळ पत्रा परत येत नाहीं. कांहीं ठिकाणीं विजेचाही घोटाळा झाला. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असे. नवीं यंत्रें ऋण टोंक सांगाड्यास जोडलेलें आहे असें धरून बनविलेलीं. हा भेद न जाणतां जोडणी केली कीं यंत्र जळून जाई.

नागपूरच्या संबंधांत आणखी एक प्रकरण सांगितल्यावांचून हा इतिहास अपुरा राहील. १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. तिच्यासाठीं नागपूरजवळ एक हजार किलोवॅट शक्तीचें प्रक्षेपण यंत्र होतें, आणि १५६६ किलोहर्ट्झ या मध्यमलहरीवर रात्रभर तिचे कार्यक्रम चालत. देशाच्या मध्यभागीं असल्याचा लाभ या शहरास असा मिळाला कीं, रात्रीं दूरदूरच्या रस्त्यांवर गाडी हांकणाऱ्यास नागपुराहून निघालेला आवाज सोबत करूं शके. ही लहर पकडण्यास नवें यंत्र लागत नसे. १९६० च्या सुमाराचा मोटार-रेडिओही तेथपर्यंत कांटा नेऊं शकत असे. जानेवारी २०१९ मध्यें ही वाहिनी बंद झाली. त्या दिवसापासून जुन्या गाडींतला अस्सल रेडिओ रात्रीं आणखी एका आवाजास मुकला. यंत्र शाबूत आहे, कांटा फिरतो, दिवा लागतो. ऐकावयास मात्र फारसें उरलें नाहीं.

कायद्यानेंही या वादांत पाऊल टाकलें आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल नोंदलेल्या गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ कडकपणें लाविला. अमेरिकेंतील हॉट रॉड आपल्या रस्त्यांवर सहसा दिसत नाहींत, याचें एक कारण हें आहे. पुढें २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अट अशी कीं गाडी मूळ रूपांत असावी. तिचा सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. रेडिओचा या यादींत उल्लेख नाहीं. म्हणजे तो प्रश्न कायद्यानें मालकाच्या विवेकावर सोंपविला आहे.

या विवेकास मार्गदर्शक ठरेल असें एक सूत्र जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ च्या तुरीन सनदेंत घालून दिलें आहे. इमारतींच्या जतनासाठीं १९६४ सालीं झालेल्या व्हेनिस सनदेचाच तो वारसा आहे. नंतर केलेला बदल सौम्य असावा, मूळ रचनेस इजा करणारा नसावा, तो पुनः काढून टाकतां यावा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत, असा त्याचा आशय. या कसोटीवर घासून पाहतां वादाचा निकाल लागण्यास अडचण पडत नाहीं. शर्यतीसाठीं वजन टाकून घडविलेल्या हॉट रॉडमध्यें रेडिओ न घालणें हेंच तिच्या स्वभावास धरून आहे. नभोवाणी पोंचण्यापूर्वीच्या नागपुरी गाडीचा डॅशबोर्ड रिकामा राहिला तर त्यांत उणेपणा नाहीं. १९६० सालच्या कुटुंबाच्या गाडींत मात्र त्याच काळचा रेडिओ असणें उचित. तो दुरुस्त होत नसेल तरी जागेवर असावा. आणि ज्यांस आजचीं गाणीं हवींच असतील, त्यांनीं नवें यंत्र आसनाखालीं किंवा सामानाच्या कप्प्यांत, एकही भोक न पाडतां ठेवावें.

व्हॉल्व्हांचे रेडिओ दुरुस्त करणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून या निर्णयांस आज अधिक मोल आहे. पुढच्या पिढीस त्या काळीं प्रवास कसा होत असे हें जाणावयाचें असेल, तर तिच्यापुढें न कापलेला एक डॅशबोर्ड तरी असावयास हवा. त्यांत रेडिओ असेल किंवा नसेल. जें असेल तें त्या गाडीच्या वाट्यास खरोखर आलेलें असावें, एवढेंच तिच्या मालकाच्या हातीं आहे.