रोवणीत दिवसभर पाय चिखलात, तरी प्रत्येक जखम चिघळत का नाही?

गोंदियाकडून येणारा रस्ता मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाला जिथे मिळतो, ते कोहमारा. सडक अर्जुनी तालुक्यातला हा धानपट्टा. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की इथल्या मजुरांचे, त्यातही महिलांचे पाय रोज तासन्‌तास बांधीच्या पाण्यात असतात. चिखलात जिवाणू आणि बुरशी असतेच. काटा लागतो, खरचटतं. तरी बहुतेक ओरखडे आपोआप बरे होतात. असं का?

त्वचा स्वतः औषध बनवते?

एका अर्थाने हो. त्वचा म्हणजे फक्त आवरण नाही. तिच्या पेशी जंतूंना मारणारी छोटी प्रथिनं तयार करतात. त्यातली काही महत्त्वाची:

• बीटा-डिफेन्सिन २: जंतूंची चाहूल लागली की त्वचा याचं उत्पादन वाढवते. १९९७ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी ते सोरायसिसच्या रुग्णांच्या त्वचेतून शोधलं.
• एलएल-३७: ३७ अमिनो आम्लांची साखळी. जखम झाली की हे वाढतं. ते बनवण्यात ‘ड’ जीवनसत्त्वाचाही हात असतो.
• डर्मसिडिन: हे घामातून त्वचेवर पसरतं. त्याचा शोध २००१ मध्ये लागला.

ही प्रथिनं जंतूंना कशी मारतात?

यातल्या अनेक प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण. त्यामुळे प्रथिनं जिवाणूला जाऊन चिकटतात, त्याच्या आवरणाला भोकं पाडतात आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींचं आवरण वेगळ्या घडणीचं असल्याने त्या बऱ्याच अंशी वाचतात.

बेडकांकडेही हेच शस्त्र आहे. शस्त्रक्रिया केलेले बेडूक अस्वच्छ पाण्यात राहूनही बरे होतात, हे अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल झासलॉफ यांच्या लक्षात आलं. १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या त्वचेतली ‘मॅगेनिन’ ही प्रथिनं जगासमोर आणली.

मग चिखल्या का होतात?

कारण या संरक्षणाला मर्यादा आहे. पाय खूप वेळ पाण्यात राहिले की त्वचेचा वरचा थर फुगतो, मऊ पडतो. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात आणि बुरशी, जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. भिंतच खचली, तर पहारेकरी एकटे किती लढणार?

पूर्व विदर्भात हा प्रश्न आणखी गंभीर आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हे हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेले जिल्हे. हत्तीरोग डासांमुळे पसरतो, चिखलामुळे नाही. पण सुजलेल्या पायाला साधी भेग पडली, तरी त्यातून जिवाणू शिरून ताप येतो, पाय दुखतो आणि सूज वाढत जाते.

काय करावं?

• बांधीतून आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. दगडाने खरवडू नका.
• बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. धुण्याइतकंच कोरडं करणंही महत्त्वाचं आहे.
• कोरड्या टाचांना खोबरेल तेल लावा, पण ओल्या बेचक्यांत तेल नको.
• मधुमेह किंवा हत्तीरोग असेल, तर रोज पाय तपासा.
• लालसरपणा पसरत असेल, पू किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता आरोग्य केंद्रात जा.

त्वचा तिचं काम रोज करते. तिला फक्त कोरडं आणि अखंड राहू द्यायचं आहे.