ड्युअल बूटच्या लॅपटॉपवर विंडोजच उघडेना? 'फॉरमॅट' मारण्याआधी हे पाहा

विंडोज 10 चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 चिप आणि तुलनेनं नवा प्रोसेसर अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. त्यामुळे चांगला चालणारा लॅपटॉप टाकून देण्याऐवजी काहीजण त्यावर विंडोजच्या जोडीला उबुंटू किंवा मिंटसारखं लिनक्स बसवतात. लॅपटॉप सुरू करताना दोन्हींपैकी हवं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

बसवताना फारसं काही अडत नाही. अडतं ते बहुतेकदा काढताना.

समजा, काही महिन्यांनी जागा कमी पडू लागली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं आणि लॅपटॉप रीस्टार्ट केला. समोर काळी स्क्रीन, त्यावर 'ग्रब' हा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. ना विंडोज, ना लिनक्स. आत मात्र कॉलेजचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, जीएसटीच्या फाइल्स. दुरुस्तीच्या दुकानात नेलं तर उत्तर अनेकदा ठरलेलं असतं, "फॉरमॅट मारावा लागेल."

बऱ्याच वेळा तशी गरजच नसते.

विंडोज गेलं कुठे?

कुठेच नाही. ग्रब हा लिनक्ससोबत येणारा छोटा प्रोग्राम. लॅपटॉप सुरू होताच तो आधी जागा होतो आणि कुठली सिस्टिम उघडायची ते विचारतो. पण त्याच्या कामाच्या फाइल्स लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. ते पार्टिशनच पुसल्यावर दारातला वॉचमन शिल्लक राहतो, पण त्याच्या हातात फ्लॅट नंबरांची यादी नसते. विंडोज आपल्या जागी शाबूत असतं.

गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपवर यूईएफआय पद्धत असते. त्यात विंडोजचा बूट प्रोग्राम ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये वेगळा ठेवलेला असतो. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबायचं (डेल आणि लेनोव्होच्या अनेक मॉडेलवर एफ 12, एचपीवर एफ 9) आणि 'विंडोज बूट मॅनेजर' निवडायचं. विंडोज उघडलं, तर बायोस सेटिंगमध्ये तोच पर्याय पहिल्या क्रमांकावर आणला की काम झालं. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपवर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून, त्यातल्या दुरुस्तीच्या पर्यायातून बूट रेकॉर्ड पुन्हा लिहावा लागतो.

एक चूक मात्र महागात पडते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 100 ते 500 एमबीचं ते ईएफआय पार्टिशन 'उगाच जागा अडवणारं' वाटतं. ते उडवलं तर विंडोजही सुरू होत नाही.

यादी पुसली म्हणजे फाइल्स पुसल्या का?

डिस्कवर कुठलं पार्टिशन कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, याची नोंद पार्टिशन टेबलमध्ये असते. जुन्या एमबीआर पद्धतीत ही सगळी नोंद फक्त 64 बाइट्सची, म्हणून मुख्य पार्टिशन्स जास्तीत जास्त चारच. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे 128 पार्टिशन्सची सोय असते आणि टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

चुकून भलतंच पार्टिशन डिलीट झालं, तर सहसा आधी जाते ती ही नोंद. साध्या हार्ड डिस्कवर फाइल्स अजून जागेवर असण्याची शक्यता चांगली असते. पण त्यानंतर त्या डिस्कवर जे जे लिहिलं जाईल, ते त्यांच्यावरच लिहिलं जाऊ शकतं. नवं पार्टिशन बनवणं, विंडोज पुन्हा टाकणं, रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं, सगळं याच यादीत. एसएसडीवर तर धोका आणखी मोठा. तिथे फॉरमॅट करताना विंडोज 'ट्रिम' नावाचा आदेश देतं आणि मग डिस्क तो भाग स्वतःच रिकामा करून टाकते. त्यानंतर फारसं काही हाती लागत नाही.

म्हणून क्रम असा: लॅपटॉप बंद करायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवायचा, 'इन्स्टॉल' न करता त्यावरूनच लॅपटॉप सुरू करायचा आणि फाइल्स दिसत असतील तर आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. दिसत नसतील तर टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन्स शोधतं. शोधताना ते फक्त वाचतं. 'राइट' निवडलं तरच नवं टेबल लिहिलं जातं. त्यामुळे सापडलेल्या पार्टिशनमधल्या फाइल्सची यादी बरोबर दिसल्याशिवाय तिथे बोट लावू नये.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती मध्येच गायब होत असेल, तर मात्र हा पार्टिशनचा नाही, डिस्कचाच बिघाड असू शकतो. तेव्हा घरचे प्रयोग थांबवलेले बरे.

विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करायचं का?'

लिनक्सची ईएक्सटी4 फाइल सिस्टिम विंडोजला आपणहून वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते बिघडलेलं, असा त्याचा समज. त्यामुळे कधीकधी लिनक्सचं धडधाकट पार्टिशनही वापरण्याआधी फॉरमॅट करा, असा संदेश येतो. उत्तर 'कॅन्सल'.

उलट तक्रारही ऐकू येते: लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह उघडत नाही किंवा तिच्यात काही सेव्ह होत नाही. इथे कारण साधं असतं. फास्ट स्टार्टअप सुरू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. अशा ड्राइव्हवर लिनक्स लिहायला नकार देतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करायचं.

मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडता येत नाही, हाही नेहमीचा वैताग. डिस्क मॅनेजमेंटला ती जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे लागते आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन असलं की 'एक्स्टेंड' चालतच नाही. जीपार्टेडसारख्या सॉफ्टवेअरनं पार्टिशन सरकवता येतं. पण त्याला वेळ लागतो आणि मध्येच लाइट गेली तर डेटा खराब होऊ शकतो. बॅटरी दुबळी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे विसरून चालत नाही.

हे सगळं करण्याआधी बिटलॉकर सुरू आहे का, तेही पाहायला हवं. बूटची किंवा सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेल्या लॅपटॉपची की बहुतेकदा त्या अकाउंटवर सापडते. ती कागदावर उतरवून घ्यायची, कारण त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलेली की ऐन वेळी उघडता येणार नाही.