उजाडेपर्यंत

पुण्याहून आलेल्या एका नाट्यप्रेमी पाहुण्यांनी रात्री एक वाजता, पहिला अंक संपल्यावर घड्याळ बघून मला विचारलं, "गुरुजी, हे संपतं कधी?" म्हटलं, "उजाडल्यावर." "पण इतकं लांबवता कशाला?" मी खरं ते सांगून टाकलं, "पाहुण्यांना निजायला जागा नव्हती म्हणून." ते हसले. मास्तर गंमत करतोय असं त्यांना वाटलं.

माझं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या पट्ट्यात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग मिळून जी होते ती झाडीपट्टी. धान, तलाव, जंगल. बाहेरच्या माणसाला आमच्याकडचं काही ठाऊक असेल तर ते नाटक. तेही अलीकडेच, कोणीतरी वर्तमानपत्रात त्याच्या उलाढालीचे कोटींतले आकडे छापले तेव्हापासून. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि १९७६ पासून पस्तीसेक हंगाम प्रॉम्प्टर. पत्रकावर माझं नाव कधी आलं नाही. मीच येऊ दिलं नाही म्हटलं तरी चालेल. ज्याचा आवाज नटाला ऐकू यावा आणि लोकांना येऊ नये, त्याने नाव छापून घ्यायचं कशाला?

आमचा सणांचा हंगाम बलिप्रतिपदेला सुरू होतो. त्या दिवशी गायगोधन. गावची जनावरं आखरावर जमतात, गोवारी मंडळी ढाल नाचवतात. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि तिथून मंडई. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. एकेका गावाचा एकेक ठरलेला दिवस असतो, त्या दिवशी तिथे दुकानं लागतात, पाळणे येतात, आणि भाऊबीजेला माहेरी आलेल्या लेकी एकीच्या गावाहून दुसरीच्या गावाला असं करत आठ-पंधरा दिवस फिरतात. या तारखा कुठल्या कॅलेंडरात छापलेल्या नसतात. माझ्या आईला वीस-बावीस गावांच्या तोंडपाठ होत्या. हलकं धान तोवर निघालेलं असतं, भारी धान शेतात उभं असतं. पुढे त्याची कापणी होते, पुंजणे रचले जातात, चुरणं होतं, हातात पैसा खुळखुळतो. मग पौष-माघात येतो शंकरपट.

शंकरपट न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन सरळ समांतर वाटा, दोन बैलजोड्या, मागे हलकासा छकडा, त्यावर जेमतेम तोल सांभाळणारा हाकणारा. सगळं काही क्षणांत आटोपतं. पण त्या काही क्षणांसाठी पन्नास कोसांवरून माणसं येत. रेंग्या जुंपून, लेकरंबाळं घेऊन, बैलांसाठी तणस आणि माणसांसाठी वडे बांधून. घराघरांत पंधरा-वीस पाहुणे. लाखोळीच्या डाळीचे वडे तळून बायांचे हात भाजत. पटाच्या गर्दीतच मुली पाहिल्या जात आणि सोयरिकी ठरत. माझी आत्या अशीच सावरगावच्या पाव्हण्यांनी पटावर पसंत केली होती. दिवस असा निघून जाई. प्रश्न रात्रीचा होता. माघातली थंडी, जंगलातली वाट, अंधारात बैल जुंपायची सोय नाही, आणि घरात बाजा किती? तीन. बायका आत, म्हातारे ओसरीवर, आणि बाकीच्या शंभर-दोनशे माणसांनी करायचं काय?

त्यांना बसवायचं, उजाडेपर्यंत.

पूर्वी हे काम दंडार करायची. टाळ, ढोलकी, बाईचं सोंग घेतलेला पोरगा, रामायण-महाभारतातलं एखादं आख्यान आणि मध्ये मध्ये गावातल्याच कोणाची तरी टिंगल. खडी गंमत होती, गोंधळ होता, डहाका होता. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'पासून मोजायला लागतात. ते बरोबरच आहे, सांगलीपुरतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगली माहीत नव्हती, पण सीतेचं स्वयंवर त्यांनी मशालीच्या उजेडात पाहिलेलं होतं.

दंडारीवरून नाटकावर गाव नेमकं कधी आलं, याची एकच एक तारीख नाही. आमच्या गावचं मात्र मला सांगता येतं, कारण माझे वडील त्यात होते. मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, होता तोवर पटही त्याचा आणि रातचा खेळही त्याचा. बक्षीस त्याच्या हातून, पहिली बैठक त्याची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. तलाव सरकारकडे गेले, वाडा पडायला लागला, आणि पट भरवायचा कोणी हा प्रश्न गावापुढे आला. पोरांनी मंडळ काढलं. वर्गणी गोळा झाली. वडील नागपुरात दोन वर्षं शिकून आले होते, तिथे त्यांनी पडद्याची नाटकं पाहिलेली. त्यांचं म्हणणं पडलं की मालगुजाराने दंडार दिली, आपण नाटक देऊ. 'एकच प्याला' बसवलं. गडकऱ्यांच्या नाटकाला तेव्हा तीसेक वर्षं झाली असतील. आमच्याकडे ते नवंच होतं. सिंधू झाला होता गावचा शिंपी. त्याने स्वतःच स्वतःचं लुगडं बेतलं आणि ते इतकं नेटकं नेसला की सुधाकराचं काम करणारा त्याच्याकडे बघून वाक्य विसरला, असं वडील सांगत. प्रॉम्प्टरची गरज गावाला तेव्हाच कळली असावी.

नाटकघर कसं करायचं, यात मात्र आमच्या लोकांनी कोणाची नक्कल केली नाही. धान निघालेली बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर, घ्यायची. मधे उतरता खड्डा खणायचा, निघालेली माती पुढे टाकून धुम्मस मारून रंगमंच उभा करायचा. मातीतून मंच आणि खड्ड्यातून प्रेक्षागृह, खर्च घामाचा. सभोवती बांबूचे तट्टे, वर कापड, खाली तणस. खड्ड्यात वारा लागत नाही आणि मागच्याला पुढच्याचं डोकं आड येत नाही. आमच्या भागातले मोठमोठे तलाव कोहळी समाजाने खोदले आहेत. त्या मुलखाला खड्डा खणायचं कौतुक ते काय! हंगाम सरला की माती परत ढकलायची, आणि आषाढात तिथेच रोवणी. आमच्याकडे एका बांधीचं नाव अजूनही नाटकाची बांधी आहे. तिथे धान चांगलं येतं म्हणतात. वर्षातून एकदा इतकी खोल नांगरट दुसऱ्या कुठल्या बांधीची होते?

माझी जागा मंचाच्या पुढच्या कडेला, पेटीवाला आणि तबलेवाला यांच्यामध्ये, खाली. डोळ्यांच्या रेषेत नटांचे पाय. पस्तीस वर्षं मी नाटक पायांवरून पाहिलं. वाक्य विसरलेल्या माणसाचा अंगठा आधी वर होतो, मग चेहरा पडतो. म्हणून चेहऱ्याकडे बघणाऱ्या प्रॉम्प्टरला नेहमी उशीर होतो. बोल देताना पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द पुरतात. नट मुद्दाम थांबलाय की अडलाय, हे श्वासावरून ओळखायचं. संभाजीचं काम करणारा आमचा एक जण मोठ्या स्वगतात इतका लांब थांबायचा की माझा जीव टांगणीला लागे. मी बोल दिला तर विंगेत येऊन ओरडायचा, नाही दिला तर कधीकधी खरंच अडलेला असायचा.

बायकांची कामं शिंप्याने आणि त्याच्यासारख्यांनी बरीच वर्षं ओढली. मग नागपूरच्या कलावंत बाया यायला लागल्या. नागपूरहून नागभीडपर्यंत छोटी गाडी, तिथे गाडी बदलून वडसा, आणि वडशाहून बैलगाडी. अजूनही अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला मिळून वडसा हे एकच रेल्वे स्टेशन आहे. नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हा लोक हळहळले, पण त्या गाडीने झाडीपट्टीला नायिका आणून दिल्या हे कोणाच्या लेखात आलं नाही. त्या बाया संध्याकाळी उतरत, आमच्या घरी जेवत, आणि जे नाटक त्यांनी त्या गावच्या नटांबरोबर एकदाही केलेलं नाही ते रात्री उभं करत. तालीम नाही. नवरा कोण, बाप कोण, खलनायक कोण एवढी ओळख व्हायची आणि तिसरी घंटा. त्यांच्यातली एक मला दरवेळी सांगायची, "मास्तर, मला बोल देऊ नका, समोरच्याला द्या. तो अडला की मी अडते." नाटकाविषयी इतकं नेमकं मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

नट गावचे, सीनसिनेरी भाड्याची आणि नायिका नागपूरची असा हिशेब होता तोवर गावातल्या प्रत्येकाचा कोणी ना कोणी मंचावर असे. पुढे वडशात कंपन्या उभ्या राहिल्या. नट, नटी, पडदे, लाइट, माईक, वादक, प्रॉम्प्टर, सगळं एका गाडीत. गावाने फक्त तारीख घ्यायची, बयाणा द्यायचा, मंडप घालायचा आणि तिकिटं विकायची. दिवाळीच्या आधी वडशात जा. एकेका कार्यालयाच्या भिंतीवर पत्रकं, आत वह्या उघडलेल्या, आणि खुर्चीवर कोणत्या तरी गावचं मंडळ तारखेसाठी हटून बसलेलं. नाटकांच्या नावांत कुंकू, आई, माहेर आणि सूड यांतलं एक तरी असतंच. अंकांच्या मध्ये लावणी, आता तर रेकॉर्डवरचा नाच. मला तो आवडत नाही, आणि माझ्या न आवडण्याने काही फरक पडत नाही. मीही कंपनीच्या गाडीत बसून पंधरा हंगाम गावोगाव फिरलो, तेव्हा कोणत्या तोंडाने नावं ठेवू? एक खरं की तिकिटाच्या पैशातून मंडळं गावचं काहीबाही उभं करतात. आमच्या हायस्कुलाच्या दोन खोल्या नाटकाच्या आहेत.

एक गोष्ट बदलली त्याचा आनंद आहे. झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. आम्ही पानी म्हणतो, डोरा म्हणतो. माझ्या सुरुवातीच्या काळात मंचावर चढला की शेतकऱ्याचा पोरगा जिभेला पीळ देऊन पाणी म्हणायचा, आणि घाबरला की पानी म्हणायचा, आणि खड्डाभर हशा. वहीत लाल शाईने प्रत्येक ण खाली रेघ ओढायची हेही प्रॉम्प्टरचंच काम. पुढे विनोदी नटांनी झाडीबोली मंचावर आणली. आधी हशासाठी, मग हळूहळू रडण्यासाठीही. ज्या दिवशी एका बापाने मुलीच्या मयतीवर आमच्या बोलीत आक्रोश केला आणि कोणी हसलं नाही, त्या दिवसापासून मी लाल शाई वापरली नाही.

पटावर मात्र गदा आली. २०११ मध्ये, ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई आहे त्यांच्या केंद्राच्या अधिसूचनेत बैल आला आणि ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदीच घातली. बैलाला टोचतात, मारतात हे आम्ही पाहिलेलं होतं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. मला वाटलं, पट गेला की नाटकही जाईल. ज्या पाहुण्यांसाठी रात्र काढायची तेच येणार नाहीत. तशात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी ऐन हंगामाच्या तोंडावर आली आणि सगळा रोखीचा धंदा. त्या वर्षी तिकिटाच्या पेटीत जुन्या नोटा निघाल्या आणि मंडळाचा खजिनदार बँकेच्या रांगेत उभा राहिला. मग कोरोनाचा हंगाम, खड्डे खणलेच नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना मोकळीक दिली, १८ मे २०२३ ला ती कायम केली. बैल परत धावले. पण मधली वर्षं, कोरोनाचा हंगाम सोडला तर, पटाविना नाटक चालूच होतं. पाहुणे येत होते, नाटकासाठी.

२०२३ मध्येच कुरखेड्याजवळच्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. आठशेच्या घरात भूमिका आणि पाच हजार प्रयोग अशी त्यांची मोजदाद सांगतात. बातमी वाचून मी कागदावर भागाकार केला: पाच हजार रात्री म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. सलग तेरा वर्षं रात्री न झोपलेला माणूस! राष्ट्रपतींनी जागरणाचंच पदक द्यायला हवं होतं.

त्या पुणेकर पाहुण्यांना मी हे सगळं सांगितलं नाही. दुसरा अंक सुरू झाला होता. तट्ट्यांबाहेर दीड-दोनशे मोटारसायकली लावलेल्या होत्या. अर्ध्या तासात कोणालाही आपल्या घरच्या गादीवर जाता आलं असतं. कोणी उठत नव्हतं. माझ्या पुढ्यात एक म्हातारी घोंगडीत नातवाला घेऊन बसली होती, तिला पाहुण्यांनी विचारलं, "आजी, थंडी वाजत नाही? घरी जायचं नाही?" ती म्हणाली, "उजाडल्याबिगर कोनी जाते का बाप्पा?"

साडेचारच्या सुमाराला नायकाचा बाप मरायला टेकला. मरणारा चांगला नट होता, पण अंगठा वर झालेला मला मागूनही दिसला. प्रॉम्प्टर कोणी नवा पोरगा होता, मोबाईलच्या उजेडात वही बघत, एक पान मागे राहिलेला. नाटक मला पाठ होतं. माझ्या तोंडून पहिले दोन शब्द गेलेच. शेजारचा माणूस वळून माझ्यावर खेकसला, "गुरजी, आयकू द्या ना!"