विल्यम कॅरी आणि सहगमनबंदी

मराठी ग्रंथांच्या संग्राहकांस विल्यम कॅरी परिचित आहे तो १८०५ चें मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी ठशांचा मराठी कोश यांमुळें. कोशाच्या कामीं वैजनाथ पंडितांचें साह्य त्यास लाभलें होतें. हाच बाप्टिस्ट धर्मोपदेशक सहगमनाविरुद्ध तीस वर्षें झगडला, आणि त्या झगड्याची रीतहि कोशकाराचीच होती, हें येथें दाखवावयाचें आहे.

पूर्वीं चांभारकाम करणारा कॅरी १७९३ त बंगाल्यांत उतरला. १७९९ त हुगळीकांठीं एका विधवेचें दहन त्यानें प्रत्यक्ष पाहिलें. त्यानें लोकांशीं वाद घातला. तो व्यर्थ गेला. पुढें १८०१ त फोर्ट विल्यम कॉलेजांत अध्यापक झाल्यावर त्यानें निराळा मार्ग धरिला. १८०३ त माणसें पाठवून कलकत्त्याभोंवतीं तीस मैलांच्या टापूंत चौकशी करविली. वर्षांत ४३८ सहगमनें झाल्याचें कळलें. नंतर कॉलेजांतील पंडितांकडून शास्त्रवचनें गोळा केलीं. त्यांवरून सहगमन प्रशस्त म्हटलें असलें तरी आवश्यक म्हटलेलें नाहीं, असें त्याचें प्रतिपादन होतें. कौन्सिलचे सभासद जॉर्ज उडनी यांच्या द्वारें हें सर्व गव्हर्नर जनरल वेलस्ली यांजकडे गेलें. १८०५ त निजामत अदालतीचा अभिप्राय मागविला गेला. पण बंदी झाली नाहीं.

४३८ हा आंकडा मात्र जपून घ्यावा. तो ऐकीव माहितीवरचा आहे; १८१५ त सरकारी नोंद सबंध बंगाल इलाख्याची ३७८ भरली. तथापि १८१८ त तीच नोंद ८३९ वर गेली. म्हणजे आंकडा शंकास्पद असला, तरी अनर्थ खरा होता.

४ डिसेंबर १८२९ रोजीं बेंटिंकचा बंदीचा कायदा झाला. त्याचें बंगाली भाषांतर कॅरीकडे आलें तें रविवारीं. उपदेशाचें काम दुसऱ्यावर सोंपवून त्यानें पंडितासह संध्याकाळपर्यंत तें पुरें केलें. एका दिवसाच्या विलंबानेंहि कोणाचे तरी प्राण जाते.

या यशांत राममोहन राय यांचा वांटा सर्वश्रुत आहे. परंतु कॅरीचे पूर्वींचे सहकारी मृत्युंजय विद्यालंकार यांनीं १८१७ तच सहगमन आवश्यक नाहीं असा निर्णय दिला होता, हें विसरतां कामा नये. पाद्र्याची कळकळ आणि पंडितांची पोथी यांचा येथें संयोग झाला. जुन्या कोशाची प्रत हातीं आली असतां मुखपृष्ठावर नसलेल्या या पंडितांचेंहि स्मरण संग्राहकांनीं करावें.