सटवीची रात्र

मूल जन्मल्यानंतरची पाचवी-सहावी रात्र आपल्याकडे जागून काढण्याची रूढी फार जुनी आहे. गोमंतकात तिला 'सटी' म्हणतात, देशावर 'सटवी', आणि वैनगंगेच्या खोऱ्यात बालाघाटकडे 'छठी'. 1956 च्या पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाळंतिणीच्या खोलीतील ही देवता मात्र दोन्हीकडे एकच राहिली. पाटावर तिची स्थापना, शेजारी कोरा कागद व लेखणी, उशाशी धारेचे लोखंड, आणि रात्रभर न विझणारा दिवा. मध्यरात्री येऊन ती बाळाचे भाग्य लिहिते, अशी श्रद्धा.

बाणभट्टाच्या 'कादंबरी'त, म्हणजे सातव्या शतकात, सूतिकागृहातील षष्ठीदेवीचा उल्लेख आहे. त्याहून प्राचीन चरकसंहिता तर दहा किंवा बारा दिवस आप्तस्त्रियांनी व सुहृदांनी सूतिकागृहात जागत राहावे असे सांगते. इतके दिवस कशासाठी? पूजा एका रात्रीत आटोपते. पहारा मात्र ज्या दिवसांत घाला पडतो तितके दिवस द्यावा लागतो.

तो घाला, माझ्या अटकळीने, पुष्कळ अंशी नवजात बालकाच्या धनुर्वाताचा असावा. हा रोग जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रकट होतो. चांगले पिणारे मूल एकाएकी पिणे सोडते, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखे ताठते. पूर्वी त्यातून मूल वाचणे जवळजवळ अशक्यच. हे दुर्दैव केवळ आपलेच नव्हते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या एकाकी बेटावर याच रोगाला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत. तेथे 1889 साली आलेले धर्मोपदेशक अँगस फिडिस यांनी नाळेची निर्जंतुक निगा राखण्याची पद्धत आणली, तेव्हा तो हटला.

कारण मातीत होते. निकोलायर याने 1884 साली मातीत हे जंतू दाखविले. किटासाटो याने 1889 साली ते वेगळे काढले. अस्वच्छ धारेने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की जंतूंना वाट मिळे. दैवाची विचित्र गती अशी की, अरिष्ट टळावे म्हणून उशाशी लोखंड ठेवायचे, आणि अरिष्ट यायचे ते बहुधा नाळ कापणाऱ्या लोखंडावरूनच! चरकाने नाळ आठ अंगुळांवर, सोने, रुपे किंवा लोखंड यांच्या तीक्ष्ण शस्त्राने छेदावी असे लिहून ठेवले होते. पण ग्रंथ वैद्याच्या पेटीत, आणि बाळंतपण सुईणीच्या हाती. सुईणीला दोष देण्याची आपल्या सुशिक्षितांना खोड आहे. तिला शिकविले कोणी होते?

आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहाच दिवस जगले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, आणि 1886 साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

पुढे गर्भवतीला टोचण्याची लस आली. तिने आईच्या रक्तात तयार झालेले संरक्षण बाळाला जन्मापूर्वीच मिळते. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रोगी. समूळ नाश मात्र झालेला नाही व होणारही नाही, कारण जंतू मातीत आहेतच.

म्हणून छठीचा दिवा लावणाऱ्या घरांनी तो अवश्य लावावा. नाळ कोरडी व स्वच्छ ठेवावी, तिच्यावर राख, शेण, तेल काहीही लावू नये. आणि जागणाऱ्या आजीने बाळ अंगावर नीट पिते की नाही एवढे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पीत नसेल, तर पहाटेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.