भारतीय एडिसन : शंकर आबाजी भिसे

संशोधक म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एडिसनचे नाव चटकन येते. परंतु 'भारतीय एडिसन' म्हणून गौरविला गेलेला एक मराठी माणूस होऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) हे त्यांचे नाव.

मुंबईत जन्मलेल्या भिसे यांनी वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले आणि ते विलायतेस गेले. यंत्रे, विजेची उपकरणे, औषधे अशा नाना क्षेत्रांत त्यांनी सुमारे २०० शोध लावले; त्यांपैकी सुमारे ४० शोधांची पेटंटे घेतली.

त्यांचे सर्वांत मोठे काम छपाईच्या क्षेत्रातले. त्या काळी लायनोटाइप यंत्र संपूर्ण ओळ एकसंध ओतीत असे. एक अक्षर चुकले तरी सारी ओळ पुन्हा ओतावी लागे. भिसे यांचे 'भिसोटाइप' सुटे खिळे झपाट्याने ओतणारे होते.

मग हे यंत्र जगभर का पसरले नाही? बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. पेटंट म्हणजे पैसा नव्हे; तो ठरावीक मुदतीचा हक्क असतो. त्या वेळी इंग्लंडात ही मुदत १४ वर्षांची होती. संशोधक भांडवलासाठी दारोदार फिरत असतो, तेव्हाही मुदत सरतच असते. दादाभाई नौरोजींनी भिसे यांना हात दिला, पुढे सर रतन टाटांनी पैसा पुरविला. तरीही बलाढ्य कंपन्यांच्या बाजारपेठेत त्यांचे यंत्र टिकाव धरू शकले नाही. पुढे ते अमेरिकेत गेले. तेथे 'ॲटोमिडिन' या आयोडिनयुक्त औषधाने त्यांना नाव मिळवून दिले. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रापासून बोध घ्यावयाचा तो हा की, शोधाबरोबर कायदा व व्यवहार यांचेही ज्ञान हवे. आज भारतात पेटंटाची मुदत २० वर्षांची आहे. पेटंटविषयक माहिती देणारे केंद्र १९८० साली आपल्याच नागपुरात सुरू झाले आणि बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्थाही येथेच आहे. भिसे यांना ज्यासाठी सातासमुद्रापार जावे लागले, त्याची पहिली पायरी महालातील मुलाला आपल्या गावातच चढता येईल. ती त्याने चढावी, हीच भिसे यांना खरी आदरांजली ठरेल.