प्राणहितेतली आगबोट कोणासाठी?

आलापल्लीहून सिरोंच्याला जाताना पश्चिमेला प्राणहिता वाहते. या नदीतून वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीमार्गे काकिनाडा बंदरात न्यायचा घाट इंग्रजांनी घातला होता. सिरोंच्याचा मुलूख १८६० मध्ये निजामाकडून घेतला. १८६१ ला अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि या जंगलाला एकाएकी भाव आला! दुम्मागुडम, इंचमपल्ली, देवलमरी असे खडकांचे तीन अडथळे बंधारे-कालव्यांनी ओलांडायचे होते. १८६५ ला युद्ध संपले, १८६७ ला नागपूरला रेल्वे आली, १८७१ ला काम बंद. ऑर्थर कॉटनचे नाव पुस्तकांत आहे. खडक फोडणाऱ्यांचे? शोधून पाहा.

१९३७ नंतर जपानने चीनची यांगत्से परक्या व्यापारी जहाजांना बंद केली, तीही याच हिशोबाने.

आता दुसरा हिशोब पाहा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४५ मध्ये, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक यांचा एकत्र विचार, तोही नदीकाठच्या माणसासाठी. (हे शाळेत कोणी शिकवत नाही.)

२०१९ ला मेडीगड्डा बॅरेज सुरू झाले. सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत पाणी शिरले आणि भरपाईसाठी शेतकऱ्यांना उपोषणाला बसावे लागले.